हरलेल्याचे कान

रत्नागिरीच्या कुठल्याही गावात शक्ती-तुऱ्याचा जंगी सामना लागला की लोक घरी झोपत नाहीत. एका बाजूला शक्तीवाला शाहीर, दुसऱ्या बाजूला तुरेवाला. गण होतो, गवळण होते, घुंगरं आणि ढोलकी रंगात येतात आणि मग सवाल-जवाब सुरू होतात. सगळ्यांच्या नजरा गाणाऱ्यावर खिळलेल्या असतात. अशा वेळी एकदा तरी खाली बसलेल्या दुसऱ्या शाहिराकडे बघावं. समोरच्याचं पद किती वजनाचं आहे हे मांडवात सगळ्यात आधी त्यालाच कळलेलं असतं. त्याची मान नकळत डोलते आणि पुढच्याच क्षणी जागच्या जागी थांबते.

त्या थांबलेल्या मानेची गोष्ट म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे संगीत नाटक 1967मध्ये रंगभूमीवर आलं. प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने ते उभं केलं, पंडित जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलं आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे उभे राहिले. संगीत नाटकांचे दिवस संपले असं बोललं जात असताना या नाटकाने प्रेक्षकांना पुन्हा थिएटरात ओढून आणलं. पुढे सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट केला. तो नोव्हेंबर 2015मध्ये, दिवाळीत प्रदर्शित झाला आणि ज्यांनी आयुष्यात एकही संगीत नाटक पाहिलं नव्हतं अशी कॉलेजची पोरंसुद्धा नाट्यपदं गुणगुणू लागली.

गोष्ट विश्रामपूर नावाच्या काल्पनिक संस्थानातली. तिथे दरबारात गायनाची स्पर्धा होते. जिंकणाऱ्याला राजगायकाचा मान, राहायला हवेली आणि एक कट्यार मिळते. या कट्यारीने केलेला एक खून माफ असतो. पंडित भानुशंकर शास्त्री हे राजगायक. तेच मोठ्या मनाने खाँसाहेबांना विश्रामपूरला घेऊन येतात आणि तिथूनच खाँसाहेबांच्या वाट्याला हारीमागून हार येत जाते. शेवटी एका स्पर्धेत पंडितजींचा आवाजच उमटत नाही, कारण त्यांना शेंदूर खाऊ घातलेला असतो. खाँसाहेबांना हवेली मिळते. पण पंडितजींचा शिष्य सदाशिव गुरूच्या शोधात तिथे पोहोचतो, आणि ज्याच्याशी वैर त्याचंच गाणं चोरून ऐकत शिकू लागतो. पुढचं इथे सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी ते पडद्यावरच पाहावं.

संगीतातली असूया हा विषय निघाला की जगभर एका चित्रपटाचं नाव हमखास येतं. तो म्हणजे मिलोश फोरमन यांचा 1984चा ‘अमाडेउस’. पीटर शॅफर यांच्या 1979च्या नाटकावर आधारलेल्या या चित्रपटाने आठ ऑस्कर मिळवले. व्हिएन्नाच्या दरबारातला संगीतकार सालिएरी हा त्याचा निवेदक आणि त्याच्या मत्सराचा विषय म्हणजे मोझार्ट. चित्रपटातला एक प्रसंग विसरता येत नाही. मोझार्टची पत्नी नवऱ्याच्या स्वरलिपीची मूळ पानं सालिएरीकडे घेऊन येते. तो एकेक पान उलटतो. कुठे खाडाखोड नाही. जणू मनात पूर्ण तयार झालेलं संगीत कागदावर नुसतं उतरवून घेतलंय. वाचता वाचता त्याला ते ऐकू येऊ लागतं, त्याचा चेहरा उजळतो, आणि हातातली पानं जमिनीवर विखरून पडतात. सालिएरी झालेल्या एफ. मरे अब्राहम यांना त्या वर्षीचं सर्वोत्तम अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं.

इतिहासातला सालिएरी मात्र असा नव्हता. त्याने मोझार्टला विष दिलं ही कंडी मोझार्टच्या मृत्यूनंतर पिकली. रशियन कवी पुश्किनने 1830मध्ये त्यावर छोटं नाटक लिहिलं आणि ती पक्की रुजली. प्रत्यक्षात बेथोवेन, शूबर्ट आणि लिस्ट या तिघांनीही सालिएरीकडे धडे घेतले होते. मोझार्टचा धाकटा मुलगासुद्धा त्याच्याकडे शिकला.

सालिएरी आणि खाँसाहेब वरवर एकाच जातकुळीचे वाटतात, पण त्यांचं दुखणं अगदी वेगळं आहे. सालिएरीकडे पद आहे, मान आहे, बादशहाची मर्जी आहे. नाही ती प्रतिभा. म्हणून त्याचं भांडण थेट देवाशी. खाँसाहेबांकडे प्रतिभा काठोकाठ भरलेली आहे. नाही ते पद. त्यांचं भांडण दरबाराशी, हवेलीशी, माणसांनी घातलेल्या मोजमापाशी आहे. त्यामुळे त्यांचा राग येतो आणि त्याच वेळी त्यांच्यासाठी जीव तुटतो. दारव्हेकरांनी खलनायक लिहिला नाही. ताटकळत ठेवलेला मोठा कलावंत लिहिला.

ही भूमिका वसंतरावांनी करावी यालाही अर्थ होता. लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे मारवा शिकून आलेला हा गवई पुण्यात कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी करत होता. पूर्ण वेळ गाण्याला देता आला तेव्हा चाळिशी उलटली होती. गाणं गळ्यात आणि दिवस फायलींत, हे त्यांनी स्वतः भोगलेलं होतं. 2022मध्ये आलेल्या ‘मी वसंतराव’ या चित्रपटात त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनीच त्यांची भूमिका केली.

‘कट्यार’च्या पडद्यावर सचिन पिळगावकर खाँसाहेब झाले, पण त्यांच्या ओठांवर आवाज आहे तो याच नातवाचा. पंडितजी झालेले शंकर महादेवन स्वतः गातात. सदाशिवची भूमिका दिग्दर्शक सुबोध भावे यांनी केली आणि त्याच्यासाठी गायले महेश काळे, म्हणजे अभिषेकीबुवांचे शिष्य. काळे यांना ‘अरुणि किरणी’साठी सर्वोत्तम पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे खाँसाहेब आणि सदाशिव समोरासमोर येतात तेव्हा 1967च्या गायकाचा नातू आणि 1967च्या संगीतकाराचा शिष्य एकमेकांपुढे गात असतात.

गोष्ट काल्पनिक असली तरी तिच्यासारखं प्रत्यक्षात घडल्याची आख्यायिका गवयांच्या घरोघरी सांगितली जाते. ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांच्या दरबारी बडे महंमद खाँ होते. त्यांच्या तानांची जात वेगळीच. ती गायकी उचलावी म्हणून हद्दू-हस्सू या तरुण भावांना आडोशाला बसवून त्यांचं गाणं ऐकवलं गेलं. पुढे दोघे तशाच ताना घेऊ लागले तेव्हा महंमद खाँना सगळं उमगलं. एका मैफलीत त्यांनी हस्सू खाँकडून एक अवघड तान पुन्हा पुन्हा घेववली आणि त्या श्रमाने हस्सू खाँ कोसळले, असं सांगतात. त्याच ग्वाल्हेरची गायकी पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली. चोरून ऐकणारा सदाशिव आपल्या माणसांना ओळखीचा वाटतो तो या परंपरेमुळे.

पण स्पर्धेचा शेवट कट्यारीनेच होतो असं नाही. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे संगीत रंगभूमीचे दोन दिग्गज, दोघांच्या दोन कंपन्या आणि चाहत्यांचे दोन तट. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत दोघांनी एकत्र ‘मानापमान’ केलं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. निमित्त होतं टिळक स्वराज्य फंडाचं. ज्यांच्या नावाने तो फंड उभा राहिला ते लोकमान्य रत्नागिरीत जन्मले, आणि छोट्या नारायण राजहंसाला ‘बालगंधर्व’ हे नाव त्यांच्याच तोंडून मिळाल्याचं सांगितलं जातं. त्या रात्री एकाच्या टाळ्या दुसऱ्याला झोंबल्या असतील का? झोंबल्याही असतील. पण पदाला पद भिडत गेलं आणि ऐकणाऱ्यांनी दोघांनाही उचलून धरलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, त्यामुळे तो प्रयोग मराठी रंगभूमीच्या आठवणीत कायमचा कोरला गेला.

‘कट्यार’ पुन्हा पाहायचं असेल तर या वेळी गाणाऱ्यावरची नजर काढून ऐकणाऱ्यावर ठेवावी. पंडितजी गात असताना खाँसाहेबांचे डोळे बघावेत. आत दाद उमटते आणि ती ओठांपर्यंत येण्याआधी गिळली जाते. त्या दरबारात पंडितजींचं गाणं पुरतं कळलेला माणूस तोच असतो, आणि ‘वाहवा’ म्हणणं त्यालाच परवडत नाही.

आणि एक गाणं मुद्दाम शोधून ऐकावं. ‘घेई छंद मकरंद’ हे पद अभिषेकीबुवांनी दोन चालींत बांधलं, एक पंडितजींच्या ढंगाची, एक खाँसाहेबांच्या. शब्द तेच, घराणी दोन. आधी प्रसाद सावकारांच्या आवाजातली पहिली चाल ऐकावी, मग सालगवराळीतली वसंतरावांची. दुसरी सुरू झाली की पहिली कानात वाजतच राहते, आणि कुठली सरस हे ठरवायला बसलं तर पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं.