मापन समतुल्यता

मापन समतुल्यता ही मानसमितीतील एक मूलभूत संकल्पना आहे. एखादी मानसशास्त्रीय प्रश्नावली वेगवेगळ्या लोकसमूहांत एकच गुणविशेष एकाच प्रकारे मोजत असेल, तर ती त्या समूहांसाठी समतुल्य आहे असे म्हणतात. हे समूह भाषा, देश, लिंग, वय किंवा शिक्षण यांनुसार भिन्न असू शकतात. समतुल्यता तपासण्यासाठी मुख्यतः घटक विश्लेषण ही सांख्यिकीय पद्धत वापरली जाते. अशी तपासणी झाली नसेल, तर दोन समूहांच्या सरासरी गुणांत दिसणारा फरक हा गुणविशेषातील फरक आहे की प्रश्न समजून घेण्यातील, हे ठरवता येत नाही.

आवश्यकता

उंची किंवा वजन प्रत्यक्ष मोजता येते. नैराश्य, चिंता, आत्मसन्मान यांसारखे गुणविशेष मात्र प्रत्यक्ष दिसत नाहीत; प्रश्नांना मिळालेल्या उत्तरांवरून त्यांचे अनुमान करावे लागते. म्हणून त्यांना सुप्त चल म्हणतात. उत्तर सुप्त चलावर अवलंबून असते, तसेच ते भाषा, रूढी आणि भावना व्यक्त करण्याच्या पद्धती यांवरही अवलंबून असू शकते.

लेनोर रॅडलॉफ यांनी १९७७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेली 'सीईएस-डी' ही नैराश्याची मापनश्रेणी याचे परिचित उदाहरण आहे. तीत २० विधाने असून प्रत्येकास ० ते ३ गुण असतात. एकूण १६ किंवा अधिक गुण मिळाल्यास त्या व्यक्तीची पुढील तपासणी आवश्यक मानण्याचा प्रघात आहे. यांपैकी एक विधान रडू येण्याविषयी आहे. नैराश्याची पातळी सारखी असतानाही स्त्रिया या विधानाला पुरुषांपेक्षा अधिक गुण देतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे १६ ही एकच सीमारेषा दोन्ही समूहांना लावल्यास काही स्त्रिया अकारण रेषेपलीकडे जाऊ शकतात आणि मदतीची गरज असलेले काही पुरुष रेषेअलीकडे राहू शकतात.

घटक विश्लेषण

चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये बुद्धिमत्तेच्या अभ्यासात या पद्धतीचा पाया घातला. अनेक प्रश्नांची उत्तरे परस्परांशी सहसंबंधित असतील, तर त्यांच्यामागे एखादा समान घटक असावा, ही तिची मूळ कल्पना आहे. लुई थर्स्टन यांनी पुढे ती अनेक घटकांपर्यंत विस्तारली. प्रत्येक प्रश्नासाठी हा संबंध पुढीलप्रमाणे मांडतात:

उत्तर = स्थिरांक + (घटकभार × सुप्त घटक) + त्रुटी

घटकभार हा प्रश्नाचा घटकाशी असलेला संबंध किती दृढ आहे, हे दर्शवतो. स्थिरांक म्हणजे सुप्त घटकाचे मूल्य शून्य असताना अपेक्षित असलेले उत्तर. रडण्याविषयीच्या विधानाचा घटकभार स्त्री-पुरुषांत सारखा, पण स्थिरांक स्त्रियांत अधिक असेल, तर वर सांगितलेला फरक निर्माण होतो.

घटकांची संख्या आधी माहीत नसल्यास समन्वेषक घटक विश्लेषण करतात. संख्या ठरवण्यासाठी जॉन हॉर्न यांचे १९६५ मधील समांतर विश्लेषण हे विश्वासार्ह तंत्र मानले जाते. रचना आधी गृहीत धरून ती माहितीशी जुळते का हे पाहायचे असल्यास पुष्टिकारक घटक विश्लेषण वापरतात. कार्ल योरेस्कोग यांनी १९६९ मध्ये ही पद्धत विकसित केली आणि १९७१ मध्ये अनेक लोकसमूहांचे एकाच वेळी विश्लेषण करण्याची रीत मांडली. विल्यम मेरेडिथ यांच्या १९९३ मधील लेखाने समतुल्यतेच्या पातळ्यांची सैद्धांतिक मांडणी दृढ केली.

तपासणीच्या पायऱ्या

समतुल्यता चढत्या क्रमाने तपासली जाते.

१. रचनात्मक समतुल्यता: सर्व समूहांत घटकांची संख्या सारखी असते आणि तेच प्रश्न त्याच घटकांशी जोडलेले असतात.
२. घटकभारांची समतुल्यता: घटकभारही समान असतात. ही पायरी पार झाल्यास त्या गुणविशेषाचे इतर गोष्टींशी असलेले संबंध समूहांमध्ये ताडून पाहता येतात.
३. स्थिरांकांची समतुल्यता: स्थिरांकही समान असतात. समूहांच्या सरासरींची तुलना या पातळीवरच सार्थ ठरते.
४. काटेकोर समतुल्यता: त्रुटींचे विचरणही समान असते.

प्रत्येक पायरीवर नवे बंधन घालून प्रतिमान माहितीशी कितपत जुळते, हे पाहतात. काय-वर्ग कसोटी मोठ्या नमुन्यात क्षुल्लक फरकही लक्षणीय ठरवते. म्हणून जुळणीचे निर्देशांक पाहिले जातात. 'सीएफआय' हा निर्देशांक ०.०१ पेक्षा अधिक घसरल्यास समतुल्यता नाकारावी, हा च्युंग आणि रेन्सव्होल्ड यांचा २००२ मधील निकष बराच प्रचलित आहे. मोजकेच प्रश्न विसंगत असल्यास त्यांच्यापुरते बंधन सैल करून आंशिक समतुल्यता स्वीकारता येते. ही कल्पना बर्न, शॅव्हेल्सन आणि म्यूथेन यांनी १९८९ मध्ये मांडली.

भाषांतराचा प्रश्न

रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये पुरस्कारलेल्या प्रतिभाषांतर पद्धतीत अनुवादित प्रश्नावली दुसऱ्या व्यक्तीकडून मूळ भाषेत परत आणून दोन्ही पाठ ताडून पाहतात. तरीही शब्दार्थ जुळला म्हणजे मापन जुळलेच, असे नाही. मराठीत 'मी उदास होतो' आणि 'मी उदास होते' यांत बोलणाऱ्याचे लिंग प्रकट होते. 'मला उदास वाटले' अशा रचनेने ते टळते. 'मी निरुपयोगी नाही' या विधानाला तोंडी दिलेले 'नाही' हे उत्तर सहमतीचे की असहमतीचे, हेही संदिग्ध राहते. अशा नकारात्मक विधानांचा प्रश्न इतर भाषांतही आढळतो. मॉरिस रोझेनबर्ग यांच्या १९६५ मधील आत्मसन्मान श्रेणीतील १० विधानांचा श्मिट आणि अलिक यांनी २००५ मध्ये ५३ देशांत आणि २८ भाषांत अभ्यास केला. बहुतांश ठिकाणी एकघटकी रचना टिकली. मात्र होकारार्थी आणि नकारार्थी विधानांचा अर्थ सर्वत्र सारखा लावला जात नव्हता.

त्सिमाने अभ्यास

व्यक्तिमत्त्वाचे पाच प्रमुख घटक सार्वत्रिक आहेत, असा दावा मुख्यत्वे साक्षर, शहरी समाजांतील माहितीवर आधारलेला होता. मायकेल गर्वेन आणि सहकाऱ्यांनी बोलिव्हियातील त्सिमाने या अन्नसंकलन व शेती करणाऱ्या समाजात ६३२ प्रौढांची पाहणी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाच घटकांची रचना आढळली नाही. जोडीदाराने केलेल्या मूल्यांकनातही ती दिसली नाही. त्याऐवजी समाजाभिमुखता आणि उद्यमशीलता यांच्याशी निगडित असे दोन घटक पुढे आले. ही तपासणी पहिल्याच, म्हणजे रचनेच्या पायरीवर अडल्याने त्सिमाने आणि इतर समाजांच्या पाच घटकांवरील सरासरी गुणांची तुलना करण्यास आधार उरत नाही.

मर्यादा

सर्व प्रश्नांची उत्तरे एखाद्या समूहात सारख्याच प्रमाणात वर किंवा खाली सरकली असतील, तर तो पूर्वग्रह सुप्त घटकातील फरकासारखा दिसतो आणि स्थिरांकांच्या तपासणीत सापडत नाही. तसेच, एखाद्या समाजात नैराश्य ज्या लक्षणांतून व्यक्त होते ती प्रश्नावलीत नसतील, तर घटक विश्लेषण ही उणीव दाखवू शकत नाही. ते केवळ विचारलेल्या प्रश्नांचेच परीक्षण करते. म्हणून सांख्यिकीय तपासणीला मुलाखती, स्थानिक तज्ज्ञांचे मत आणि चिकित्सकाने स्वतंत्रपणे केलेले निदान यांची जोड दिली जाते.