उष्णताचित्र आणि दुभत्या जनावराची कास

कासदाह, म्हणजेच खेड्यापाड्यांत ज्यास ‘दगडी’ म्हणतात तो रोग जडला की कास गरम लागते, हे धार काढणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. परंतु हातास ही ऊब जाणवेपर्यंत व दुधात गुठळ्या दिसेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो आणि एखादे सड कायमचे निकामी होते. ही ऊब दुरूनच टिपणारा उष्णताचित्रक कॅमेरा आता मिळू लागला आहे.

प्रत्येक उष्ण वस्तूतून डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडतात. विल्यम हर्शेल यांनी इ. स. १८०० मध्ये त्यांचा शोध लावला. कॅमेरा या किरणांवरून त्वचेच्या तापमानाचे रंगीत चित्र तयार करतो. दाह झालेल्या भागाकडे रक्त अधिक वाहते, त्यामुळे तेथील त्वचा तापते. कासदाहात ही वाढ बहुधा एक-दोन अंश सेल्सिअसची असते. एवढासा फरक ओळखावयाचा असल्याने उन्हातून आलेल्या, भिजलेल्या अथवा शेणाने माखलेल्या जनावराचे चित्र घेणे व्यर्थ होय. म्हशीची काळी कातडी तर उन्हात चटकन तापते. जनावर स्वच्छ व कोरडे करून अर्धा तास सावलीत उभे करावे. धार काढल्याने कासेचे तापमान बदलते, म्हणून चित्र नेहमी धारेपूर्वी व सारख्याच अंतरावरून घ्यावे. मागील सडांची तुलना मागील सडांशी व पुढील सडांची पुढील सडांशीच करावी. पुष्कळ कॅमेरे दर चित्रागणिक रंगांची मर्यादा आपोआप बदलतात. यास्तव रंगावर न जाता अंशांचा आकडा वाचावा.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. कासदाहाच्या एका घातक प्रकारात कासेचा रक्तपुरवठाच तुटतो आणि तो भाग थंड, निळसर व बधिर होतो. चित्रात तो थंड, म्हणजे वरवर पाहता निरोगी दिसेल. प्रत्यक्षात मात्र जनावराचा प्राण धोक्यात असतो. अशा वेळी पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे.

शिवाय ऊब का आली हे कॅमेरा सांगत नाही. जनावरास ताप असल्यास चारही सडे तापतात. म्हणून गुदद्वारात तापमापक लावून पाहावे. निरोगी गाईचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस असते. माणसांच्या बाबतीतही, स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीत उष्णताचित्र हे क्ष-किरण तपासणीस पर्याय नव्हे, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये दिला होता.

संशय आलेल्या सडाचे दूध ‘कॅलिफोर्निया’ चाचणीने तपासावे. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी अगदी सोपी आहे. चार वाट्यांच्या तबकडीत प्रत्येक सडाचे थोडे दूध घेऊन तेवढेच चाचणीद्रावण मिसळावे व तबकडी हलकेच फिरवावी. मिश्रण चिकट, घट्ट झाले तर दाह आहे असे समजावे. दोन-चार जनावरे बाळगणाऱ्याने कॅमेऱ्यावर खर्च करण्याऐवजी हे द्रावण घरी ठेवणे अधिक किफायतीचे. गावच्या दूध संस्थेस मात्र एक कॅमेरा सर्वांमिळून वापरता येईल.