किल्ली फिरवली, ‘टक’ वाजलं, इंजिन गप्प

जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीत सकाळी गाडी ‘सेल्फ घेत नाही’, तेव्हा ती टकटक नीट ऐका. निम्मं निदान तिथेच होतं.

किल्ली फिरवताच बॅटरीचा थोडा प्रवाह सोलेनॉइड या विद्युतचुंबकी स्विचला मिळतो. तो आतला जाड संपर्क जोडतो आणि स्टार्टर मोटर शंभरावर अँपिअर ओढू लागते. बॅटरी अशक्त असेल तर त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं, चुंबक सुटतो. भार हटल्यावर व्होल्टेज सावरतं आणि चुंबक पुन्हा ओढतो. हे चक्र सेकंदाला अनेकदा फिरतं, तीच ‘टकटकटक’.

आता हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे मंदावले तर संशय बॅटरीवर किंवा सैल, गंजलेल्या टर्मिनलवर. दिवे तेजस्वी राहिले आणि एकच ‘टक’ आला तर दोष बहुधा सोलेनॉइडचा किंवा मोटरचा, मेकॅनिकला बोलवा.

टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने निघतो. ऋण बाजूची वायर आधी काढा, शेवटी जोडा. म्हणजे पाना बॉडीला लागून शॉर्टसर्किट होत नाही.

बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते तेव्हा ती पूर्ण भरलेली असते. १२ म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट दिसले नाहीत तर बॅटरी भरणारा अल्टरनेटर तपासा, नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

मराठवाड्यातला चाळिशीपारचा उन्हाळा बॅटरीचं पाणी उडवतो, आतल्या शिशाच्या जाळ्या झिजवतो. म्हणून मार्चआधी आणि पावसाळ्यानंतर बॅटरी तपासून घ्या. रात्री-अपरात्री दवाखाना गाठताना गाडीने दगा देऊ नये.