दोरीला लागणारं दगडावरचं फळ

मलबारात शिणाण्यांना ‘कल्लुम्मक्काय’ म्हणतात, दगडावरचं फळ. हिरव्या कडेची ही शिंपली एरवी समुद्रातल्या खडकाला चिकटून वाढते. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात, पडन्नाच्या खाडीत मात्र ती दोरीला लागते. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं हे तंत्र तिथल्या बायकांच्या बचत गटांनी 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात उचललं. कर्ज काढलं, उथळ पाण्यात बांबू रोवले, त्यांना दोऱ्या टांगल्या.

पावसाळा सरून पाणी पुन्हा खारट झालं की काम सुरू होतं. खडकांवरून आणलेलं, बोटाच्या पेराएवढं बी दोरीभोवती पसरायचं आणि वरून सुती जाळीचं कापड गुंडाळून टाके घालायचे. कापड सुतीच हवं. शिणाण्याच्या पायातली ग्रंथी एक चिकट प्रथिन सोडते, त्याचे पाण्यातच चिवट तंतू होतात. आपला साधा गोंद ओल्या दगडावर धरत नाही, हा धरतो! थोड्या दिवसांत तंतू दोरी पकडतात आणि तोवर कापड कुजून गळून जातं. या सगळ्या शास्त्रातली मला सर्वांत भावलेली गोष्ट हीच.

पुढे खाद्य घालावं लागत नाही. एकेक शिणाणं तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त पाणी कल्ल्यांतून गाळतं आणि त्यातल्या सूक्ष्म वनस्पतींवर पोसतं. पाच-सहा महिन्यांत माल तयार होतो. तो पावसाआधी काढावाच लागतो, कारण जूनमध्ये खाडी गोडी होते. शिंपली मिटून काही दिवस तग धरतात, महिनोन्‌महिने नाही.

पण हा गाळणारा जीव पाण्याबरोबर मैल्यातले जंतू आणि जड धातूही आत घेतो. काढलेला माल दिवसभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवला तर जंतू बरेच कमी होतात. धातू तसे निघत नाहीत.

आपल्या कोकणातही राज्याच्या वन विभागातल्या कांदळवन कक्षाच्या योजनेतून बचत गट खाड्यांमध्ये कालवं-शिंपल्यांची शेती करताहेत. प्रशिक्षण आणि अनुदान हवंच. पण वरच्या अंगाचं सांडपाणी प्रक्रियेविना खाडीत येत राहिलं, तर त्या गटांचे कष्ट पाण्यात जातील. खाडीकाठच्या ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी अशा शेतीच्या उद्घाटनाला जाण्याआधी आपापल्या गटारांची तोंडं कुठे उघडतात, ते जाऊन बघावं.