डोळ्यासाठी एकवीस अक्षरे

विषाणूवर औषध म्हटले की आपल्याला गोळी आठवते, नाहीतर लस. परंतु आनुवंशिक अक्षरांचा एक छोटा तुकडाच औषध म्हणून डोळ्यात टोचला गेला, ही हकिकत आपल्या वाचकांना माहीत असावी, असे आम्हांस वाटते.

एड्सने प्रतिकारशक्ती खचली की शरीरात गुपचूप पडून असलेला सायटोमेगॅलो नावाचा विषाणू डोके वर काढतो आणि डोळ्याचा आतला पडदा पोखरतो. एड्सच्या सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकेत ऐन तारुण्यातले कितीतरी रुग्ण असे आंधळे झाले.

कचेरीत मूळ फाईल कपाटात राहते, काम होते ते नकलेवरून. पेशीतही तसेच. डीएनए ही मूळ फाईल, आरएनए ही नक्कल. नकलेबरहुकूम प्रथिने बनतात. विषाणू आपली नक्कल पेशीत घुसवतो आणि तिला फुकट राबवतो. त्या नकलेवर जुळणारी उलटी अक्षरपट्टी चिकटवली तर नक्कल वाचताच येत नाही. पॉल झॅमेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी १९७८ साली १३ अक्षरांच्या पट्टीने कोंबडीच्या पेशींतील विषाणूची वाढ रोखून दाखविली.

अडचण एवढीच की, साधी पट्टी शरीरात लगेच तोडली जाते. म्हणून तिच्या कण्यात ऑक्सिजनच्या अणूंच्या जागी गंधकाचे अणू बसविण्यात आले. असे २१ अक्षरांचे ‘फोमिव्हिर्सेन’ १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. या जातीचे ते पहिलेच औषध.

पुढे २००२ मध्ये ते युरोपात आणि नंतर अमेरिकेतही बंद झाले. निकामी ठरले म्हणून नव्हे! १९९६ च्या सुमारास आलेल्या एकत्रित औषधोपचाराने रुग्णांची प्रतिकारशक्तीच सावरू लागली आणि डोळ्याचा हा आजार घटला.

पण तो उपचार गरिबाच्या आवाक्यात कुठे होता? २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने गरीब देशांसाठी तो दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केला. १ एप्रिल २००४ पासून आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतून तो मोफत मिळू लागला, त्यात महाराष्ट्र पहिल्या राज्यांत होता.

अक्षरपट्टीची विद्या मात्र वाया गेली नाही. हेपॅटायटिस-बी या काविळीवर ‘बेपिरोव्हिर्सेन’ची चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सर्वांत जास्त काळ पूर्ण मात्रा घेणाऱ्यांपैकी सुमारे दहांत एकाच्या रक्तात उपचार थांबल्यावरही सहा महिने विषाणूची खूण सापडली नाही.

औषध शोधणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे ते शेवटच्या माणसाच्या हाती पोचणे. बंधू-भगिनींनो, लाजेपायी आजार लपवू नका. वेळेवर रक्त तपासा. आपला हक्काचा उपचार मागून घ्या.