खोडवा किती वर्षं ठेवायचा?

छोट्या व्यवसायाचा संगणक : लेखांक ६

नवा संगणक घेताना काय पाहायचं, हे मागच्या लेखात पाहिलं. आजचा प्रश्न त्यापुढचा : तो बदलायचा कधी, आणि त्याची तजवीज कशी करायची?

मार्चअखेरीला सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात गेलो होतो. टॅलीचा सगळा हिशेब ज्यात होता, तो मुख्य संगणक सकाळीच बसला होता. दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडलं. पंख्याच्या पात्यांवर पिवळट धुळीचा थर, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खपली झालेली आणि हार्ड डिस्कची एकसारखी टक्-टक्. संगणक नऊ वर्षांचा. "चालतोय तोवर कशाला हात लावायचा, म्हणून राहिलं," मालक म्हणाले. त्या दिवशी संगणकाच्या दुकानदाराकडे जो होता तो संगणक, तो म्हणेल त्या भावाने उचलावा लागला. ऐन वर्षअखेरीत दोन दिवस बिलं हाताने लिहिली गेली.

याच मालकांची मिरज तालुक्यात ऊसशेती आहे. तिथे त्यांचा हिशेब चोख असतो. खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, किती वेळा ठेवायचा हे ठरलेलं. एकरी टन घटले की खोडवा मोडायचा आणि नवी लागण करायची, तीही सगळ्या रानात एकदम नाही, तुकड्यातुकड्याने. संगणकांना हाच हिशेब लावायचा आहे.

जुन्या संगणकाची रॅम वाढवणं, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं, हा खोडवा. थोड्या खर्चात यंत्राला आणखी दोन-तीन वर्षं मिळतात. पाच मिनिटांनी सुरू होणारा संगणक एसएसडीने अर्ध्या मिनिटात उघडतो, हे अनेकांनी अनुभवलं असेल. पण खोडव्यालाही मर्यादा असते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा. त्याआधीच्या यंत्रात रॅम कितीही घाला, ही अट पुरी होत नाही. हे काही अचानक घडलेलं नाही. विंडोज ११ बाजारात आली २०२१ मध्ये, आणि विंडोज १० ची शेवटची तारीखही तेव्हाच माहीत होती. तयारीला चार वर्षं होती.

आता आखणी. समजा, तुमच्याकडे दहा संगणक आहेत. एका वहीत प्रत्येकाची एक ओळ करा : खरेदीची तारीख, प्रोसेसरची पिढी, रॅम, डिस्कचा प्रकार, वॉरंटी कधी संपते, वापरतं कोण. यूपीएसची बॅटरीही लिहा, ती दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. मग दरवर्षी दोनच संगणक नवे घ्या. पाच वर्षांत फेरा पूर्ण होतो आणि खर्चाचा डोंगर एकाच वर्षी अंगावर येत नाही. नवं यंत्र सर्वांत जास्त कामाच्या टेबलावर ठेवा, तिथलं हलक्या कामाकडे द्या आणि सर्वांत जुनं काढा. ज्या संगणकावर सगळ्यांचा डेटा आहे, तो मात्र वॉरंटी संपण्याआधीच बदलावा.

पाच वर्षंच का? आयकरात संगणकाला घटत्या मूल्यावर ४० टक्के घसारा मिळतो. ५०,००० रुपयांच्या यंत्राची किंमत हिशेबात पहिल्या वर्षाअखेर ३०,०००, दुसऱ्या १८,०००, तिसऱ्या १०,८००, चौथ्या ६,४८० आणि पाचव्या ३,८८८ रुपये उरते. म्हणजे पाच वर्षांत हिशेबातून ते जवळजवळ वजा झालेलं असतं. एक बारकावा लक्षात ठेवा. खरेदीच्या आर्थिक वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं, तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. खरेदी दसऱ्याला केली आणि दसरा ऑक्टोबरच्या मध्यावर आला, तर मुहूर्त साधतो, पण त्या वर्षीचा निम्मा घसारा पुढे जातो. शक्य असेल तर खरेदी सप्टेंबरअखेर उरका, यंत्र लगेच वापरात आणा आणि पूजा दसऱ्याला करा.

काढलेलं यंत्र भंगारवाल्याला देऊ नका. डिस्कमध्ये तुमच्या ग्राहकांची खाती असतात, ती कायमची पुसून टाका. मग यंत्र नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच सोपवा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

सांगलीच्या त्या दुकानात आता गल्ल्याशेजारी अशी वही आहे. तुमची वही या रविवारी सुरू करा. दहा संगणकांच्या दहा ओळी लिहायला तासभर पुरतो. त्यात सर्वांत जुनी तारीख ज्या यंत्रापुढे असेल, त्याच्यासाठी या महिन्यापासूनच थोडे पैसे बाजूला टाका.

(पुढच्या आठवड्यात : डेटाची दुसरी प्रत कुठे आणि कशी ठेवायची?)