वाईनचा ‘नैसर्गिक’ वारसा

द्राक्षांचा रस नुसता ठेवला तरी आंबतो. त्याला आंबवणारे यीस्ट फळाच्या सालीवर आणि तळघराच्या हवेत असतेच. तरीही आज बहुतेक ठिकाणी तयार यीस्टचे विरजण लावले जाते आणि वाईन टिकावी म्हणून सल्फर डायऑक्साइड मिसळला जातो. या दोहोंना फाटा देणाऱ्या, किंवा सल्फरचा अंश नाममात्र ठेवणाऱ्या पद्धतीस ‘नैसर्गिक वाईन’ म्हणतात. फ्रान्समध्ये ती रुजवणाऱ्यांत बोजोले प्रांतातील लापिएर कुटुंब अग्रभागी आहे.

मॉर्गों येथील वडिलोपार्जित मळा मार्सेल लापिएर यांनी १९७३ मध्ये हाती घेतला. प्रारंभी त्यांची पद्धतही प्रचलितच होती. १९८१ मध्ये ज्यूल शोवे यांच्याशी त्यांची गाठ पडली. शोवे वाईनचे व्यापारी आणि रसायनशास्त्राचे अभ्यासक. रसायने जाणणाऱ्या या गृहस्थांनीच त्यांना रसायनांपासून दूर जाण्याची वाट दाखवली!

येथे गामे जातीची काळी द्राक्षे हाताने खुडतात, सडके मणी निवडून काढतात आणि अख्खे घड टाकीत रचतात. टाकीत कार्बन डायऑक्साइड साठला, की प्राणवायूविना मण्यांच्या आतच आंबण्याची क्रिया सुरू होते. फळाचा गंध जपणारी, हलकी वाईन त्यातून मिळते.

मात्र सल्फर हे वाईनचे विमाकवच आहे. ते नसताना उपद्रवी जीवाणू शिरले, तर वर्षभराच्या कष्टांचे व्हिनेगर होण्यास वेळ लागत नाही. म्हणून निरोगी फळ, स्वच्छ टाक्या आणि तापमानावर अखंड नजर यांना पर्याय नसतो.

मार्सेल यांचे २०१० मध्ये निधन झाले. त्यानंतर त्यांची मुले मात्यू आणि कामीय यांनी आई मारी यांच्यासह ही परंपरा पुढे नेली. त्यांच्या मळ्याची मॉर्गों वाईन सल्फरविरहित आणि अत्यल्प सल्फरयुक्त अशा दोन्ही प्रकारांत भरली जाते. दूरच्या प्रवासात उष्णता लागल्यास पहिला प्रकार लवकर बिघडतो, हे वास्तव त्यामागे आहेच.

‘नैसर्गिक’ या शब्दाला फ्रान्समध्ये दीर्घकाळ अधिकृत व्याख्या नव्हती. २०२० मध्ये ‘व्हँ मेथोद नात्यूर’ ही नियमावली मान्य झाली. सेंद्रिय द्राक्षे, हाताने तोडणी, स्थानिक यीस्ट आणि सल्फाइट लिटरमागे कमाल ३० मिलिग्रॅम, या तिच्या प्रमुख अटी. युरोपात साध्या कोरड्या रेड वाईनला १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, हे पाहिले की फरकाची कल्पना येते.

नव्या पिढीला मळा वारशाने मिळतो. त्यासोबत दर हंगामाची ही जोखीमही येते.